तू कुठे उभा होतास?

देवासच्या आमच्या फोटोंच्या ग्रुपवर एक बाई होत्या; त्यांची ओळख म्हणजे नावाशेजारचं सदाफुलीचं एक चित्र. मी मोबाइलवर काढलेला फोटो टाकला की बाकीचे लिहीत, "भिया, मस्त!" त्या मात्र दर वेळी विचारत, "छान. तू कुठे उभा होतास?"

मी खरं तेच लिहायचो. रस्त्यापलीकडे, गच्चीवर, झाडामागे. माणसांचे फोटो काढायचे होते, पण जवळ जायची हिंमत होत नसे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; तिथेही बुजूनच असायचो. इथेही आपल्याला जमत नाही, असं वाटून ग्रुप सोडायचं ठरवलं होतं.

त्याआधी एकदा सगळ्यांबरोबर धारला गेलो. किल्ल्याबाहेर भुट्टेवालीशेजारी एक साठीच्या बाई भुट्टा खात बसल्या होत्या. कॅमेरा पदराखाली झाकलेला.

"झाडामागचा तूच ना?" त्या हसल्या. "बस. मलाही लाज वाटते रे. म्हणून आधी गप्पा मारते."

गप्पा लांबल्या तशी फोटोसाठी भुट्टा धरून बसलेली भुट्टेवाली माळवीत म्हणाली, "अब तो खेंची लो बई, भुट्टो ठंडो वई ग्यो!"

बाईंनी एकच फोटो काढला आणि आधी तिलाच दाखवला.

घरी आल्यावर मी आईजवळ बसून गवार निवडू लागलो.

"आज काय हवंय तुला?" म्हणत ती हसली, तेव्हा फोटो काढला. तिला दाखवून ग्रुपवर टाकला.

सदाफुलीने लिहिलं, "छान."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो. तो आलाच नाही.