श्रेयाचा ब्रिक गेम आणि तिचे पितृदेव

मंडळी, आज दुपारपासून तोंड कडू झालंय.

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करण्याचा माझा छंद तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या लातूरच्या गल्लीतली श्रेया औंदा बारावीला आहे. परवा तिनं तिचा जुना ब्रिक गेम आणून दिला. "सर, क्लासहून आल्यावर दहाच मिनिटं खेळते हो."

आत सेल फुटून हिरवा, चिकट गाळ साचला होता. खरवडताना किळस आली, पण गेम चालू झाला.

आज तो न्यायला तिचे वडील आले. "सर, पोरीला सांगा, दुरुस्त होत न्हाई म्हणून. डॉक्टर करायचंय तिला."

"अहो, पण चालू झालाय."

"बघू तरी," म्हणत गृहस्थ खुर्चीत टेकले आणि अर्धा तास विटा रचत बसले. घरून फोन आला तर म्हणाले, "क्लासमधी हाय, पोरीच्या मार्कांचं विचारायलोय."

मग गेम स्वतःच्या खिशात घालून पितृदेव मार्गस्थ झाले.

तो हिरवा गाळ निदान व्हिनेगरनं निघाला हो.

उद्या श्रेया विचारायला येईल. मी तर गेम कुणाच्या खिशात आहे तेही सांगणार. तुम्ही काय सांगितलं असतं?