घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस

बारामतीत घर घ्यायचं म्हटलं तर एजंटांना तोटा नाही. चहाच्या टपरीवर पाच माणसं उभी असली तर त्यातली तीन प्लॉट दाखवतात, आणि उरलेली दोन त्यांचे मेव्हणे असतात. सगळे गोड बोलतात, सगळे "आपलंच समजा" म्हणतात, आणि सगळे घेणाऱ्याकडूनही घेतात, विकणाऱ्याकडूनही. आता दोन्हीकडून घेणारा माणूस नक्की कुणाचा, हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का? कळंबच्या दत्तोबा तात्यांचं मात्र तसं नव्हतं. ते फक्त घेणाऱ्याचे.

तात्या वीज मंडळात लाईनमन होते. बत्तीस वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यातले खांब चढले आणि उतरले. माणूस खांबावर चढला की त्याला काय काय दिसतं म्हणून सांगू! कुणाच्या गच्चीवर पाणी साठतं, कुणाची मागची भिंत फुगलीय, कुणी कुणाच्या मीटरातून वायर ओढलीय, कुठल्या दोन भावांनी अंगणात मधोमध पत्रा उभा केलाय. हे सगळं बघून बघून तात्यांच्या डोक्यात दोन तालुक्यांची अशी माहिती साठली होती की ती कुठल्या कचेरीत मिळायची नाही. निवृत्त झाल्यावर तिचा उपयोग काय? घरी बसून बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, एवढाच उद्योग उरला होता. बायकोही वैतागली होती.

तेवढ्यात नाशिकची एक कंपनी बारामतीच्या एमआयडीसीत आली. यंत्रांचे सुटे भाग करणारी. तिची तीस-चाळीस कुटुंबं इकडं राहायला यायची होती. त्यातल्या पहिल्या चौघांनी एजंटांच्या नादानं घरं घेतली आणि चौघंही तोंडावर पडले. एकाच्या घराला तर वाटच नव्हती. म्हणजे वाट होती, पण शेजाऱ्याच्या रानातून, आणि शेजाऱ्याचं डोकं फिरलं की तो तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकायचा. मग कंपनीच्या मॅनेजर मंदाकिनीबाईंनी चौकशी करून तात्यांना बोलावून घेतलं.

"तुम्ही फक्त आमच्या माणसांचं हित बघायचं," बाई म्हणाल्या. "पगार आम्ही देऊ. विकणाऱ्याकडून काहीही घ्यायचं नाही."

"काही म्हंजे? चहा बी न्हाय?"

"चहासुद्धा नाही," बाई हसत म्हणाल्या.

बाई हसण्यावारी बोलल्या, तात्यांनी शब्द खरा धरला. तेव्हापासून घर दाखवायला गेले की चहाचा कप समोर आला तरी हात लावायचे नाहीत. आपल्याकडं चहा नाकारणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. लोक रागवायचे, "लईच शहाणा झालाय वायरमन" म्हणायचे. तात्या पिशवीतली पाण्याची बाटली काढायचे, दोन घोट प्यायचे आणि गच्चीवर चढायचे. वर टाकीत डोकावायचे, भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवायचे, शेजारच्या म्हातारीशी गप्पा मारून उन्हाळ्यातल्या नळाची हकीकत काढून घ्यायचे. आणि खाली येऊन घेणाऱ्याला जे असेल ते सांगायचे, विकणारा समोर उभा असला तरी. दोन वर्षांत सव्वीस कुटुंबांना त्यांनी घरं मिळवून दिली, आणि त्याहून दुप्पट घरं घेऊ दिली नाहीत. तात्यांना अभिमान ह्या दुसऱ्या आकड्याचा होता.

सत्ताविसावं कुटुंब आसावरीताईंचं. ताई कंपनीत तपासणी विभागात, बरोबर वडील चिंतामणराव. निवृत्त शिक्षक, बोलायला अतिशय गोड माणूस, पण छातीत दमा. दोन पायऱ्या चढले की थांबायचे आणि "हं, तर मी काय म्हणत होतो" असं म्हणून दम लपवायचे. त्यांना अंगण हवं होतं, झाड हवं होतं आणि मोकळी हवा. तात्यांनी पाच घरं दाखवली आणि पाचही स्वतःच मोडीत काढली. ताई कंटाळल्या, पण तात्यांवर विश्वास ठेवून होत्या.

आणि नेमका तेव्हाच व्याह्यांचा फोन आला.

तात्यांची एकुलती एक लेक राजेश्वरी. अकरा वर्षांपूर्वी तिला इंदापूर तालुक्यातच, बारामतीकडं जाणाऱ्या रस्त्याला दिलेली. सासरे विजयसिंहराव म्हणजे मोठं प्रस्थ. बागाईत रान, साखर कारखान्याचे जुने सभासद, दारात दोन ट्रॅक्टर. नात संस्कृती नऊ वर्षांची. तिच्या शाळेसाठी बारामतीत राहायला जाऊ, असं राजेश्वरी दोन वर्षं घरात म्हणत होती, आणि शेवटी आबांनी, म्हणजे विजयसिंहरावांनी, रस्त्याकडेचं राहतं घर विकायला काढलं होतं.

"पाव्हणं," विजयसिंहराव फोनवर म्हणाले, "जगाला घरं दावत फिरता म्हणं. मंग आमचं कवा दावनार? का आमी सोयरं न्हाय तुमचं?"

आता लेकीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? मुलीचा बाप झाला की मान थोडी खालीच ठेवायची, हे आपल्याकडं आईच्या दुधाबरोबर पाजतात. शिवाय घर विकलं गेलं तर राजेश्वरी बारामतीला येणार, लेकीच्या मनासारखं होणार. नाही विकलं तर ती तिथंच, आणि वर "तुझ्या बापानं एक गिऱ्हाईक आणलं न्हाय" हे ऐकून घेणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. बारीकसारीक गोष्टीत तोंडावर बोलणारा हा माणूस, पण इथं गप्प बसला. आसावरीताईंना एवढंच म्हणाला, "एक घर हाय. वळखीच्यांचं हाय."

हेच चुकलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, हे तात्या दुसऱ्यांना शिकवत आले होते.

ऑगस्टचे दिवस. पाऊस उघडलेला, ऊस हिरवागार, घराला नवा पांढरा रंग दिलेला. अंगणात केशर आंब्याचं झाड आणि त्याला पार. चिंतामणराव गाडीतून उतरले ते सरळ पारावर जाऊन बसले. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला, मग दुसरा.

"आसावरी," ते म्हणाले, "इथं छाती मोकळी झाली बघ. हेच घे."

तात्यांनी शेताच्या पलीकडं पाहिलं. तिथं कारखान्याचं धुराडं उभं होतं. पावसाळ्यात कारखाना बंद, म्हणून ते शहाण्यासारखं गप्प होतं.

सगळे सोप्यात बसले. डोक्यावरचा पदर सावरत राजेश्वरी चहा घेऊन आली. पहिला कप पाहुण्यांना, दुसरा सासऱ्यांना, तिसरा बापाला. तात्यांनी घेतला. न घेऊन सांगतात कुणाला? व्याह्याच्या घरचा चहा नाकारायचा म्हणजे सोयरीक मोडायची. एक घोट घेतला आणि तेवढ्यात आसावरीताई अगदी सहज बोलल्या,

"अरे वा, तात्या! आज चहा घेतलात?"

विजयसिंहराव मोठ्यानं हसले. "घेतील न्हाय तर! लेकीच्या हातचा हाय."

ताईंचा कप तसाच हातात राहिला. त्यांनी राजेश्वरीकडं पाहिलं, मग तात्यांकडं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप त्यांनी खाली ठेवला.

"ताई, चुकलं माझं," ते म्हणाले. "हे माझ्या लेकीचं सासर. आधी सांगाया पायजे हुतं." आणि मग व्याह्यांकडं वळून, अगदी आदरानं, "विजयसिंहराव, कारखाना कवा पेटतो, ते तुमीच सांगा ताईला."

"पेटतो दिवाळीच्या आगंमागं. ते कशाला आता?"

"आन् पेटल्यावं अंगणात काय पडतं?"

विजयसिंहरावांचा चेहरा उतरला. सगळ्या सभासदांसारखा त्यांनाही कारखान्याला लावलेला बोल स्वतःला लागायचा. "पडती थोडी काजळी," ते म्हणाले. "आवो, ऊस बी आपला, धूर बी आपला. त्यात काय एवढं?"

"थोडी म्हणजे किती?" चिंतामणरावांनी हळूच विचारलं.

तात्यांनी मान खाली घातली. विजयसिंहराव खिडकीतून बाहेर बघायला लागले. मग दारात ट्रे छातीशी धरून उभी राहिलेली राजेश्वरी बोलली. अकरा वर्षांत सासऱ्यांसमोर पाहुण्यांशी ती पहिल्यांदा बोलत होती.

"सकाळी फरशी पुसली, की दुपारपतूर पावलं उमटत्यात काका. पांढरं कापड वाळत घालायचं न्हाय. पोरीला हंगामभर खोकला असतो. तुमच्या छातीला न्हाय झेपायचं."

झालं. घर तिथंच राहिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत, बारामती जवळ आल्यावर आसावरीताई म्हणाल्या, "तात्या, तुम्ही आधी सांगितलं असतं, तरी मी ते घर बघायला आले असते. तुमची लेक आहे म्हणून आले असते. लपवलंत त्याचं वाईट वाटलं." तात्या म्हणाले, "व्हय." दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंकडं जाऊन त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, काम सोडतो म्हणाले. बाईंनी आसावरीताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "सोडायचं काय त्यात? माझं घर कोण बघणार मग?" तात्यांनी पंधरा दिवसांत त्यांना बारामतीतच, कालव्यापासून जवळ, एक बैठं घर काढून दिलं. अंगण लहान आहे, आंबा नाही, जांभूळ आहे. चिंतामणराव सकाळी त्याच्याखाली पेपर वाचतात.

व्याह्यांकडून मात्र फोन नाही. राजेश्वरीचाही नाही. तात्या रोज मोबाईल चार्ज करायचे आणि रोज बघायचे. आपल्यापायी लेकीला काय काय ऐकावं लागत असेल, ह्या विचारानं त्यांचा घास उतरेना. बायको म्हणाली, "जाऊन तरी या." पण कुठल्या तोंडानं जायचं?

विसाव्या दिवशी, भर दुपारी, तात्या एका घराच्या गच्चीवर टाकी बघत असताना फोन वाजला.

"तात्या, मी बोलतीया."

"बोल, बाय. लई बोललं का गं तुला?"

"न्हाय. आबा इतकं दिस जेवताना गप हुते. काल सोताच म्हणले, पोरीचा खोकला म्या कानाआड केला. घर इकू दे न्हाय तर न्हाय, दिवाळीआधी बारामतीत भाड्यानं ऱ्हाऊ म्हणले."

तात्यांचे डोळे भरून आले. टाकीच्या कडेला ते तसेच बसले. "देव पावला गं," ते म्हणाले. "माझ्या जिवाला लई घोर लागला हुता."

"तात्या, एक इचारू?"

"इचार की."

"अंगणात काय पडतं, हे तुमाला कसं ठावं? तुमी तर दर खेपंला नागपंचमीच्या आगंमागं येता. हंगामात कदी आलाच न्हाय. मी बी कदी सांगितलं न्हाय. माहेरी जाऊन सासरचं गाऱ्हाणं कशाला, म्हणून."

"त्या लाईनीला म्या हुतो," तात्या म्हणाले. "सोळा वर्षं. हंगामात खांबावरच्या चिनीमातीच्या कपांवर काजळी बसायची, लाईट जायची. वर चढून फडक्यानं पुसायची."

"म्हंजे माझं लगीन ठरायच्या आधीपासनं."

"व्हय."

"मंग बघायला आलावता तवा काय बघितलंत?"

काय बघितलं होतं? रान बघितलं होतं. विहिरीचं पाणी बघितलं होतं, ट्रॅक्टर बघितले होते, माणसं बघितली होती. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं हसत हसत म्हणून सुपारी फोडली होती. गच्चीवर चढले नव्हते. शेजारच्या म्हातारीशी बोलले नव्हते. धुराडं दिसलं होतं, आणि मोठं घर म्हणजे कारखाना जवळ असायचाच, असं वाटून बरंच वाटलं होतं.

"चुकलं गं माझं," तात्या म्हणाले. हे वाक्य महिन्यात दुसऱ्यांदा तोंडातून निघत होतं, पण ह्या वेळी समोर स्वतःची लेक होती.

राजेश्वरी रडली नाही, रागावलीही नाही. तिचा आवाज आईच्या आवाजासारखा शांत होता.

"असू द्या तात्या. माझं काय वाईट झालं न्हाय. पण उद्या संस्कृतीचं स्थळ बघायची येळ आली, तर तुमी जावा. आन् तिच्या बाजूनं जावा."

तात्यांना "जाईन" म्हणायचं होतं. खालून घरमालक ओरडला, "ओ वायरमन, चहा झालाय, येताय का?" आणि तिनं फोन ठेवला तरी तात्या मोबाईल कानाला लावून तसेच बसून राहिले.