चाचणीची चाळीस सेकंदं

व्याख्यानाआधी मी सगळं दोनदा मोजतो. दोन कॅमेरे, तीन माइक, सहा बॅटऱ्या. वीस वर्षांत कंबर गेली, मोजणं सुटलं नाही. आज तर चूक चालणारच नव्हती. आजचे वक्ते असलेल्या सरांच्या घशाचं सोमवारी ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आवाज तपासायला मी सरांच्या पत्नीला, काकूंना, खुर्चीत बसवलं.

"काय बोलू रे?"

"काहीही. घरी बोलता तसं."

काकू पडद्याकडे वळल्या. "अहो, गोळी घेतलीत का?"

पडद्यामागून सर खेकसले, "घेतली गं! किती वेळा विचारशील?"

"उत्तर येतंय तोवर विचारणार."

चाचणीचं रेकॉर्डिंग मी नेहमी पुसतो, कार्डावर जागा लागते. बोट बटणापर्यंत गेलंही. पण व्यासपीठावर माणूस शब्द निवडून बोलतो. घरात इतकी वर्षं ऐकलेला आवाज असा खेकसणाराच असतो. व्याख्यान दीड तासाचं, कार्डावर जागा दोन तासांची. मी बोट काढून घेतलं. व्याख्यान सगळ्यांना मिळेल. ही चाळीस सेकंदं काकूंना वेगळी द्यायची, असं वहीत लिहिलं आणि हेडफोन कानाला लावले.