ऑटो अडवणाऱ्या बाई

मुलांनो, पोटातल्या बाळाच्या गुणसूत्र-तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्हाला झोप नाही, म्हणून आमच्या शेजारच्या प्राध्यापक बाईंबद्दल आजच लिहिते. आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात तेव्हा घरोघरी केबल येत होतं. बाई जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायच्या.

समोरच्या घरातल्या सुनेला डाऊन सिंड्रोमचं बाळ झालं. "ग्रहणात भाजी चिरली हिने," म्हणत सासूने तिला माहेरी धाडायला ऑटो बोलावली.

बाई तरातरा जाऊन ऑटोसमोर उभ्या राहिल्या. "भैया, रुको ज़रा. काकू, पेशीत गुणसूत्रांची वाटणी होताना प्रत्येक जोडीला दोन्हीकडून धागे धरतात. एक जरी जोडी धाग्यांत धरायची राहिली, तरी पेशी थांबते. इतकं जपूनही क्वचित चुकतं आणि एक गुणसूत्र जास्त येतं, तेही बहुधा दिवस राहण्याआधी, बीज तयार होताना. तेव्हा कुठलं ग्रहण आणि कुठली भाजी?"

"तुमचं कॉलेज कॉलेजातच ठेवा."

"ठेवते. आधी हिचं सामान उतरवा."

कुणी हललं नाही. मग ट्रंक बाईंनीच उतरवली.

बाई आता नाहीत. ती सून त्याच घरात आहे, आणि तिचा तोच मुलगा रोज संध्याकाळी आजीला हात धरून देवळात नेतो.