चावरीचा बाप

मुलगी शाळेच्या पहिल्या दिवशी रडली नाही, याचा मला फार अभिमान वाटला होता. जूनमधली सकाळ होती. बसवनगुडीतल्या एका जुन्या घरात ती बालशाळा भरायची. फाटकाशी बाकीची मुलं आयांच्या ओढण्यांना लोंबकळत होती, एकानं तर खांबाला मिठी मारली होती. आमची पावणेतीन वर्षांची कन्या मात्र सरळ आत गेली, अंगणातली लाल बादली उचलली आणि वाळूत जाऊन बसली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी बायकोला फोन केला आणि म्हणालो, "आपली पोरगी वाघीण आहे."

ते किती खरं आहे, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

आम्ही मिरजेहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेलो. बायकोचं ऑफिस हेब्बाळला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलीचे डोळे धड उघडायच्या आत तिला निघावं लागायचं. मी बोम्मसंद्र्याला कारखान्यात, कायमचा दुसऱ्या पाळीला. त्यामुळे वेणी, डबा, शाळेत सोडणं, आणणं, सगळं माझ्याकडे. शाळा सुटली की तिला पाळणाघरात पोचवायचं आणि कंपनीची बस गाठायची. फाटकावर उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये आणि आजोबांमध्ये मी एकटाच बाप.

एके दिवशी मुलीला न्यायला गेलो तर तिच्या मिस तिचा हात धरून दारातच उभ्या. शेजारी एक गोबरा मुलगा हुंदके देत होता. त्याच्या दंडावर दातांचं नीट, गोल वर्तुळ उमटलेलं.

"पापूनं चावलं," मिस हिंदीत म्हणाल्या. पापू म्हणजे कन्नडमध्ये बाळ, म्हणजे आमची कन्या.

मी माफी मागितली. मुलीला घरी समजावलं. तिनं गंभीरपणे मान हलवून "चावायचं नाई" असं म्हणून दाखवलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला पुन्हा चावली. मग एका मुलीचा खांदा झाला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नाव न घेता लिहिलं की ज्यांना शिस्त नाही अशा मुलांना घरीच ठेवावं. त्याखाली भराभरा अंगठे उमटले. फाटकावर मी दिसलो की बायका आपापली मुलं पलीकडच्या बाजूला घ्यायच्या. एक चिमुरडी आमच्या मुलीकडे बोट दाखवून आईला म्हणाली, "कच्ताळे!" माझं कन्नड कारखान्यातलं, 'जेवण झालं का' आणि 'लवकर कर' एवढ्यापुरतं. तरी याचा अर्थ विचारावा लागला नाही. चावते.

मिसनी मला एकदा बसवून घेतलं. विचारलं, "घरी बोलते का ही?"

"पोपटासारखी. झोपेतसुद्धा."

"इथे काहीच बोलत नाही. फक्त कुणी बादली घेतली की एक गाणं म्हणते. माजंय, माजंय. आणि मग चावते."

ते गाणं नव्हतं. माझी लेक आधी रीतसर सांगत होती की ही बादली माझी आहे. ऐकणाऱ्या पोरांना ते कळत नव्हतं. सगळी शाळा कन्नड आणि इंग्रजीत चालायची आणि तिच्याजवळ नुसतं मराठी. शब्द चालेनात तेव्हा ती दात चालवत होती.

मिसना अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, मी तर त्यावर टाळ्या वाजवत होते!"

कारण कळलं म्हणून दात लगेच थांबले नाहीत. दोनच दिवसांनी तो गोबरा मुलगा तिसऱ्यांदा चावून घेऊन बाहेर आला. त्याला न्यायला रोज त्याचे आजोबा यायचे. पांढरा शुभ्र शर्ट, हातात काळी छत्री, आजवर कधी एक शब्द बोललेले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांचा बांध फुटला. भर फाटकात ते कन्नडमधून माझ्यावर कडाडले. त्यातला 'नायी' म्हणजे कुत्रा एवढा शब्द मला समजला. मी खाली बसलो आणि मुलीलाच म्हणालो, "अगं, का असं करतेस? तोंडानं सांग की काहीतरी!"

शाळेत कधी न रडलेली माझी पोर तेव्हा मोठ्यानं रडली. "मी सांगितलं! माजंय म्हणाले! तो ऐकतच नाई!"

आजोबांची वर उचललेली छत्री खाली आली.

"तुमी मराठी काय हो?" त्यांनी विचारलं. मराठीत.

मी थक्क होऊन मान हलवली.

"आमी बी मराठीच. आमचे वाडवडील इकडं घोड्यावरून आले म्हणतात, कोण जाणे किती पिढ्या झाल्या. तुमी बसनं आलात, येवढाच फरक." मग नातवाकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "ह्याची आई कन्नड. घरात आता सगळं कन्नडच चालतं. माज्या नातवाला मराठी 'माजं' कळत न्हाई, ह्यात ह्या पोरीचा काय दोष?"

आणि ज्यांच्या नातवाला तीनदा दात लागले होते, तेच आजोबा माझ्या मुलीसमोर गुडघे टेकून बसले. "पुट्टी, बाळा, माजं नको म्हणू. नंदु म्हण. नंदु! हितनं, पोटातनं." त्यांनी आपल्या पोटावर थापटी मारली. मुलगी माझ्या पायामागे लपली. पण रडायची थांबली.

दुसऱ्या सकाळपासून आमच्या घरात तालीम सुरू झाली. मी फरशीवर मांडी घालून गोबरा मुलगा व्हायचो आणि तिच्या हातातला स्टीलचा पेला हिसकावून घ्यायचो. पहिल्या प्रयोगात माझा अंगठा सापडला, दुसऱ्यात मनगट. बायको रविवारी प्रेक्षक म्हणून बसायची आणि निर्लज्जपणे हसायची. हळूहळू दातांच्या आधी शब्द येऊ लागला, पण पुटपुटल्यासारखा. मग 'कोडु', म्हणजे दे. मग 'बेडा', म्हणजे नको. आजोबा रोज फाटकावर उजळणी घ्यायचे. "स्वल्प जोरात, पुट्टी!" मिसनीही 'माझंय' शिकून घेतलं आणि ते वर्गातल्या सगळ्या पोरांना शिकवलं.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्यानंतरची गोष्ट. शाळा सुटायला थोडा वेळ होता आणि आम्ही सगळे फाटकाच्या गजांतून अंगणात बघत उभे होतो. मुलगी वाळूत बसली होती. तो गोबरा आला आणि त्यानं तिच्या मांडीवरची लाल बादली सरळ उचलली. ती उठली. तिचं तोंड उघडलं. माझ्या शेजारच्या बाईनं "अय्यो देवा" म्हणत डोळे मिटले. मी दोन्ही हातांनी गज घट्ट धरले.

"नंदु!"

केवढा तो आवाज! छपरावरची कबुतरं उडाली. मुलगा जागच्या जागी थिजला. तिनं एक पाऊल पुढे टाकलं, हात पसरला आणि पोटातून, अगदी शिकवल्याप्रमाणे, ओरडली, "कोडु!"

त्यानं बादली तिच्या हातात ठेवली. मुकाट्यानं. ती परत वाळूत बसली आणि जसं काही घडलंच नाही अशी बादली भरू लागली.

"शाब्बास!" आजोबा गरजले. स्वतःच्या नातवाची हार झालेली, आणि हे छत्री उंचावून नाचताहेत. नातू त्यांच्याकडे फितुराकडे पाहावं तसा पाहत होता. डोळे मिटलेल्या बाईंनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवल्या. मग आणखी दोघीतिघींनी. मला काही दिसेना, माझे डोळे भरून आले होते. मुलांना वाटून खायला शिकवावं म्हणतात. खरंच आहे. पण त्या दिवशी माझी मुलगी 'माझं' म्हणाली आणि जगानं ते ऐकलं, यापेक्षा मोठं मला काही नको होतं. त्या दुपारी मी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. "प्रमोशन काय?" कुणीतरी विचारलं. म्हटलं, त्याहून मोठं.

त्यानंतर ती कुणालाही चावली नाही. बोलत मात्र सुटली. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, कन्नड, इंग्रजी आणि मराठी एकाच ताटात कालवलेलं. नाताळाच्या आसपास गोबऱ्याचा वाढदिवस होता. आम्हाला आमंत्रण आलं. तिथे दोघंही पलंगाखाली बसून एकाच वाटीतला चिवडा खात होती आणि भांडत होती, पण तोंडानं.

मार्चमध्ये वर्षअखेरीची भेट होती. बायकोनं खास सुट्टी काढली होती. मिसनी आधी रंगकाम, गाणी, डबा खाणं यांचं कौतुक केलं. मग चेहरा जरा गंभीर केला.

"एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "ही फार बोलते. गोष्ट सांगताना मला मध्येच थांबवते. दुसऱ्या मुलांची भांडणंसुद्धा हीच सोडवते, मला विचारत नाही."

आम्ही दोघांनी खाली मान घालून "हो, सांगतो तिला" म्हटलं. फाटकाबाहेर पडेपर्यंत कसंबसं धरून ठेवलं. मग फुटपाथवरच बायको पोट धरून हसत सुटली, मीही सुटलो. येणारे-जाणारे बघत होते. बायकोनं तिथूनच मिरजेला फोन लावला आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर आवाज चढवून आईला ओरडून सांगितलं, "आई, शाळेतून तक्रार आलीय! पोरगी फार बोलते!"