सेंटर हाफ ढोकेभाऊ

ढोकेभाऊ चहाच्या टपरीवर उभे असले तरी घोट घेण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून मागे पाहायचे. रस्त्याने चालताना तेच, जेवायच्या रांगेत तेच. सुरतजवळ पलसाण्याच्या आमच्या डाइंगमध्ये ते नवीन आले तेव्हा लोकांना वाटलं, माणूस गावाकडे काहीतरी करून पळून आलाय आणि कोणी शोधत येईल म्हणून घाबरतोय. मी एकदा सरळ विचारलंच. ते हसले. म्हणाले, "सवय हाय बे. मांगं कोण हाय ते आधीच पाहून ठेवा लागते. बॉल आल्यावर पाहाले टाइम कुठं राहते?"

ते नागपूरकडचे. तिकडे गल्लीबोळात फुटबॉल खेळतात हे मला त्यांच्यामुळेच कळलं. आमच्या शेठला फुटबॉलचं वेड होतं. हायवेला लागून असलेल्या कापड रंगवण्याच्या कारखान्यांमध्ये त्यांची एकट्याची टीम होती, आणि चांगला खेळणारा दिसला की ते त्याला कामावर घेत. मी खानदेशातला, दोंडाईचाच्या बाजूचा. शाळेत धावण्यात पहिला यायचो, एवढ्या भांडवलावर मला उजव्या विंगला घेतलं आणि जिगर मशीनवर कापड रंगवायला लावलं. ढोकेभाऊंना मात्र शेठनी खास नागपूरहून बोलावून घेतलं होतं. ते मैदानाच्या मधोमध खेळायचे. आम्ही त्यांना सेंटर हाफ म्हणायचो.

मधल्या माणसाचं काम प्रेक्षकांना दिसत नाही. गोल मी मारायचो, टाळ्या मला मिळायच्या. पण मी धावायला सुरुवात करण्याआधीच, मी जिथे पोहोचणार तिथे बॉल येऊन पडलेला असायचा. ते उंच नव्हते, फार वेगवानही नव्हते. दोघेजण अंगावर आले की अंग जरासं तिरकं करायचे आणि दोघांच्या मधून बॉल बाहेर निघायचा. सामन्यानंतर आमचे कपडे चिखलाने भरलेले असत. त्यांचे त्याहून जास्त, कारण प्रत्येक हिसकाहिसकीत ते असायचेच.

मला बॉल पायाशी ठेवून मिरवायची खोड होती. त्यावर ते सरावात सगळ्यांसमोर म्हणायचे, "एकनाथ, तो बॉल हाय, तुयी बायको नाई. एवढा कायले सांभाळून राहिला? देऊन टाक. दिला का वापस भेटते." मी चिडायचो. मग द्यायचो, आणि बॉल खरंच परत यायचा, आधीपेक्षा चांगल्या जागी.

राहायला आम्ही दोघेही नवागामला होतो, एकाच चाळीत. सकाळी कंपनीच्या टेम्पोतून सोबत निघायचं, पाळी संपली की कारखान्यामागच्या मैदानावर सराव, मग सोबत घरी. माझी बायको लता त्यांना आमच्या अहिराणीत "जेवन करीसन जा, भाऊ" म्हणायची आणि ते तिच्या हातची कळण्याची भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचे. त्यांची बायको तेव्हा गावाकडेच होती. जेवताना ते कधीकधी मुंबईबद्दल बोलायचे. तिथे मोठ्या कंपन्यांच्या टीम होत्या. त्यांच्या खेळाडूंना मशीनवर उभं राहावं लागत नाही, दिवसभर खेळ हेच काम आणि त्याचाच पगार, हे सांगताना त्यांचा घास हातातच राहायचा. "सकाळी उठाचं ते खेळाले, झोपाचं ते खेळून," ते म्हणायचे. "असं एक वर्ष जरी भेटलं ना, तरी झालं."

आणि ते खरंच जवळ आलं. गणपतीनंतर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या टीमची स्पर्धा होती. तिच्या पहिल्याच सामन्याला मुंबईच्या एका मोठ्या टीमचे प्रशिक्षक आले. दुसऱ्या सामन्यालाही आले. मग टपरीवर ढोकेभाऊंना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा ढोकेभाऊंचे कान लाल झाले होते. दिवाळीनंतर मुंबईला रुजू व्हायचं होतं. वय तिशीकडे झुकलेलं, यापुढे असं कोणी विचारायला येणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी त्यांनी चाळीत सगळ्यांना जिलेबी वाटली.

पुढच्याच सामन्यात माझा पाय मोडला. बॉल पुढे ढकलून मी धावत होतो, समोरच्याचा बूट नडगीवर बसला आणि आवाज झाला. तो आवाज मला अजून आठवतो. पहिला पोहोचला तो माणूस ढोकेभाऊ. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि हाताने माझे डोळे झाकले, पायाकडे पाहू नये म्हणून.

दवाखान्यात पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण खेळणं संपलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर आले. संत्री घेऊन आले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सांगितलं की तुला खेळासाठी घेतलं होतं, जिगरवर माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा या महिन्यानंतर काही धरून चालू नकोस. लता मुलीला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. मुलगी तेव्हा रांगतही नव्हती. मॅनेजर गेल्यावर लताने संत्र्यांची पिशवी माझ्या उशाशी ठेवली.

ढोकेभाऊ दुसऱ्या दिवशी सरावानंतर आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुयं काम पक्कं झालं. फोल्डिंगमध्ये, कापडाच्या घड्या घालाचं, बसून कराचं. शेठशी बोललो मी."

मला खरं वाटेना. शेठ असे कोणाचं ऐकणारे नव्हते. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. शेठ आधी म्हणाले होते, "जो ढोके, एने रमवा माटे राख्यो हतो. हवे रमशे नहीं, तो शुं करीए?" खेळायला ठेवला होता, आता खेळणारच नाही तर काय करू, हा त्यांचा हिशोब. त्यावर ढोकेभाऊंनी विचारलं, "आणि मी मुंबईले नाई गेलो तर?" शेठना मुंबईची कुणकुण लागलेलीच होती. मग दोघांचं ठरलं. जोवर पायात खेळ आहे तोवर ढोकेभाऊंनी इथेच खेळायचं, आणि माझी नोकरी कायम.

मी ओरडलोच त्यांच्यावर. म्हणालो, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का तुमच्याकडे? उद्या माझ्या पोरीला मी काय सांगू?" शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. लता रडत होती.

ढोकेभाऊंनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "पायानं पडला, आता तोंडानं धावून राहिला का? मुंबईले मी बेंचवर बसलो असतो तर? इथं मैदानात तर राहीन." आणि संत्रं सोलायला लागले.

अंतिम सामना सचिन या गावातल्या एका कारखान्याशी होता. मला टेम्पोत आडवं झोपवून नेलं होतं, मागची फळी उघडी ठेवून. ढोकेभाऊ त्या दिवशी जसे खेळले तसं मी त्यांना आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. बॉल जिथे तिथे ते. पण आमच्या उजव्या विंगला नवा मुलगा होता, त्याला त्यांचे पास कळत नव्हते. ते बॉल मोकळ्या जागेत टाकायचे आणि तिथे कोणी नसायचं. आम्ही एका गोलने हरलो.

सामना संपताच ते तसेच घामाने निथळत शेठच्या गाडीपाशी गेले. गाडी टेम्पोजवळच होती, मला ऐकू येत होतं. ते म्हणाले, "शेठ, आपला शब्द हारजितीवर नव्हता." शेठ चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून म्हणाले, "ना. शब्द ए शब्द." मोठ्या माणसाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही, पण शेठचं फिरलं नाही. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे.

पुढे काही वर्षं ढोकेभाऊ खेळले. मग गुडघे बोलायला लागले, शेठ थकले, त्यांच्या मुलांना खेळात रस नव्हता आणि टीम बंद झाली. ढोकेभाऊ माझ्याच शेजारी फोल्डिंगला येऊन बसले. त्यानंतर वहिनीही सुरतला आल्या, मुलगा झाला. एकदा जेवणाच्या सुट्टीत, डब्याखाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रात त्या मुंबईच्या टीमचा फोटो निघाला. त्यांनी डबा बाजूला सरकवून तो पाहिला. मी विचारलं, "भाऊ, वाईट वाटतं का?"

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "वाटते ना. खोटं कायले बोलू? हे असं दिसलं का जेवण बाजूले राहते. पण मंग तू सकाळी डबा घेऊन निघताना दिसला का बरं वाटते. दोन्ही वाटते."

मला ते उत्तर फार आवडलं. काहीच वाटत नाही असं म्हणाले असते तर मी उरलेला जन्म संशयात काढला असता.

वडील आजारी पडले तेव्हा ते कुटुंब घेऊन गावी परत गेले, ते कायमचेच. शेतीवाडीत रमले. फोनवर बोलणं व्हायचं. माझ्या मुलीच्या लग्नाला आले, पंगतीत वाढलं. मी त्याच कारखान्यातून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी त्यांच्या जाण्याचा निरोप आला. मी आणि लता सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीने त्यांच्या गावी गेलो. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुपारी अंगणात त्यांचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. सुरत सोडली तेव्हा तो जेमतेम बोलायला लागलेला, त्याला तिथलं काही आठवत नव्हतं. म्हणाला, "काका, बाबा तिकडचं काही सांगतच नव्हते. कापडाच्या कंपनीत होतो, एवढंच म्हणायचे. फुटबॉल खेळायचे, हे आई सांगते. पण तिनं काही पाहिलं नाही." मग त्याने विचारलं, "चांगले खेळत होते का?"

त्या अंगणात त्यांचा खेळ पाहिलेला माणूस मी एकटाच होतो. मी त्याला म्हटलं, "आईलाही बोलाव. आणि नीट बस, वेळ लागेल."