श्राद्धाच्या पानातली हिरवी करी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. तुमच्याशी बोलले तर बरं वाटेल म्हणून कॉम्प्युटरसमोर बसलेय.

आज सुहासचं, माझ्या नवऱ्याचं, वर्षश्राद्ध होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी त्याच्या पानात वाढायचं, अशी आमच्याकडे रीत आहे.

आम्ही एकदाच परदेशात गेलो, बँकॉकला. तिथली हिरवी करी खाऊन सुहास ओरडलाच, "अगं, यात आपला गवती चहा आहे!" जयपूरला परतल्यावर त्याने मानसरोवर भागातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत गवती चहा लावला. मग दर रविवारी ती करी तोच करायचा. सासूबाई नाक मुरडायच्या. "चहाची पात कालवणात घालतात का कुठे?"

आज मी ती करी केली, पण श्राद्धाचा स्वयंपाक म्हणून कांदा-लसूण न घालता. सासूबाईंचं सोवळं कडक. त्या रागावतील म्हणून वाटी पानात हळूच कडेला ठेवली. त्यांनी ती उचलून वास घेतला.

"लसूण नाही घातलास?"

"आई, आज कसा चालेल?"

"मग तो जेवेल कसा गं?"

आणि त्या स्वतः लसूण सोलायला बसल्या. श्राद्धाच्या दिवशी! मी करी पुन्हा केली.

सगळे गेल्यावर त्यांनी ती भातावर घेतली, आयुष्यात पहिल्यांदाच. दोन घास खाऊन विचारलं, "त्याची अशीच व्हायची का गं?"

मी हो म्हणाले. तशी झाली नव्हती, मंडळी. चुकलं का माझं?